कर्तव्याच्या पुढचे पाऊल : ख्रिस्ती श्रद्धेत माणूस बदलतो तो कसा?

दर रविवारी न चुकता उपासनेला जाणारा, उत्पन्नाचा दशांश मंडळीला देणारा, दारूला न शिवणारा माणूस घरी मात्र पूर्वीइतकाच तापट का राहतो? शेजाऱ्याचे बरे झाले की त्याच्या पोटात पूर्वीसारखेच का दुखते? धर्माने घालून दिलेले सगळे तो करतो, त्यात खोट काढायला जागा नाही आणि तरी त्याच्या सहवासात कोणाला विसावा मिळत नाही. हे कोडे केवळ ख्रिस्ती घरांतले नाही. एकादशी, रोजा, वारी, उपास निष्ठेने सांभाळणाऱ्या प्रत्येक समाजात असा माणूस भेटतो. बऱ्हाणपूरसारख्या गावात, जिथे दर्गा, कबीरपंथी मंदिर, स्वामीनारायण मंदिर आणि चर्च एकाच वस्तीच्या आसऱ्याने राहतात, तिथे तर बाहेरचा धर्म आणि आतला माणूस यांच्यातल्या अंतराची तक्रार प्रत्येक परंपरेने आपापल्या भाषेत केलेली आहे. ख्रिस्ती धर्माने हा प्रश्न आपल्या शिकवणीच्या मध्यभागी ठेवला. नीतीचे नियम पाळणे ही एक गोष्ट आणि माणूस खरोखर बदलणे ही दुसरी. पहिलीतून दुसरी आपोआप निघत नाही, असे तो धर्म सांगतो. मग दुसरी येते कुठून? या लेखात ती प्रक्रिया टप्प्याटप्प्याने समजून घ्यायची आहे आणि त्यासाठी सर्वांत चांगला पुरावा मराठी माणसांच्याच आयुष्यात सापडतो.

नियम पाळणारा मोठा भाऊ

लूकच्या शुभवर्तमानातील पंधराव्या अध्यायात उधळ्या पुत्राची गोष्ट आहे. धाकट्याने वाटणी मागितली, परदेशात पैसा उडवला, डुकरे राखण्याची पाळी आली तेव्हा तो घरी परतला आणि बापाने त्याला धावत जाऊन कवटाळले, एवढी गोष्ट बहुतेकांना ठाऊक असते. पण येशूने ती जिथे संपवली तो भाग मोठ्या भावाचा आहे. तो शेतावरून परततो, घरातून गाण्याबजावण्याचा आवाज ऐकतो, नोकराला विचारतो आणि कारण कळताच आत यायला नकार देतो. बाप समजावायला बाहेर येतो तेव्हा मोठा मुलगा हिशेब मांडतो : इतकी वर्षे राबलो, एकही आज्ञा मोडली नाही, तरी मित्रांबरोबर मेजवानीसाठी मला साधे करडूही कधी मिळाले नाही. धाकट्याला तो भाऊ म्हणतसुद्धा नाही. बापाचा मुलगा असा त्याचा उल्लेख करतो. त्याच्या वागण्यात चूक काढता येत नाही, पण मनात मजुरीचा हिशेब आहे. घरात राहूनही तो मुलासारखा राहिलेला नाही, चाकरासारखा राहिला आहे. गोष्ट इथेच थांबते आणि मोठा भाऊ आत आला की नाही, हे येशू सांगत नाही. ऐकणाऱ्यांमध्ये परूशी, म्हणजे धर्मनियम काटेकोरपणे पाळणारे लोक होते, हे लक्षात घेतले की हा शेवट मोकळा का सोडला ते कळते. प्रश्न त्यांनाच होता.

मोठ्या भावाला वाईट ठरवण्याचा मोह टाळला पाहिजे. शेत त्याच्यामुळे पिकते आणि घर त्याच्यामुळे चालते. कर्तव्यनिष्ठ माणसांवर जगाचा मोठा भार उभा आहे. जर्मन तत्त्ववेत्ता इमान्युएल कांट याने १७८५ मध्ये लिहिलेल्या नीतिशास्त्रावरील ग्रंथात तर असे मांडले की, मनाची ओढ असो वा नसो, केवळ कर्तव्य म्हणून केलेल्या कृतीलाच खरे नैतिक मोल आहे. या म्हणण्यात तथ्य आहे. आपल्याला आवडते म्हणून मदत करणारा माणूस आवड संपली की मदत थांबवतो; कर्तव्य म्हणून करणारा टिकतो. ख्रिस्ती श्रद्धेचा आक्षेप कर्तव्यावर नाहीच. कर्तव्य माणसाला चांगले वागायला लावू शकते, चांगले घडवू शकत नाही, एवढेच तिचे म्हणणे आहे. रोमकरांस लिहिलेल्या पत्राच्या सातव्या अध्यायात प्रेषित पौल हीच अडचण उघड करतो. काय चांगले ते कळते, ते करावेसे वाटते आणि प्रत्यक्षात हातून भलतेच घडते. नियम त्याला चूक दाखवतो. ती चूक न करण्याचे बळ देत नाही.

धाकाने पाळलेला धर्म आणि मनाने पाळलेला धर्म

या निरीक्षणाला आधुनिक मानसशास्त्राचा काही आधार आहे का? दोन अभ्यास इथे उपयोगी पडतात. पहिला १९७३ साली प्रसिद्ध झाला. जॉन डार्ली आणि डॅनियल बॅटसन या दोन मानसशास्त्रज्ञांनी अमेरिकेतल्या प्रिन्स्टन येथील धर्मशिक्षण संस्थेतल्या विद्यार्थ्यांना, म्हणजे उद्याच्या पाळकांना, एका इमारतीतून दुसऱ्या इमारतीत जाऊन छोटे भाषण द्यायला सांगितले. निम्म्यांचा विषय होता चांगल्या शोमरोन्याचा दाखला : वाटेत जखमी पडलेल्या माणसाला याजक आणि लेवी ओलांडून जातात आणि तुच्छ मानलेला परका माणूस त्याला उचलतो, ती गोष्ट. विद्यार्थी निघाले तेव्हा वाटेतल्या बोळात एक माणूस खाली मान घालून, खोकत, कण्हत बसवला होता. ज्यांना घाई नव्हती त्यांतल्या ६३ टक्क्यांनी त्याची विचारपूस केली, थोडी घाई असलेल्यांपैकी ४५ टक्क्यांनी आणि उशीर झाला असे सांगितलेल्यांपैकी फक्त १० टक्क्यांनी. शोमरोन्यावर बोलायला निघालेल्यांनी इतरांहून लक्षणीय जास्त मदत केली नाही. चाळीसच विद्यार्थ्यांचा हा प्रयोग आहे, त्यावरून सगळ्या मानवजातीचा निवाडा करता येणार नाही. पण एक गोष्ट तो स्पष्ट दाखवतो : धडा डोक्यात ताजा असणे आणि तो पायांत उतरणे यांत मोठे अंतर असते.

दुसरा अभ्यास १९९३ चा. रिचर्ड रायन, स्कॉट रिग्बी आणि क्रिस्टी किंग यांनी ख्रिस्ती श्रद्धावंतांकडून प्रश्नावल्या भरून घेतल्या आणि धर्म पाळण्यामागची कारणे दोन गटांत मांडली. एका गटातली कारणे अशी : पाळले नाही तर अपराधी वाटेल, लोक नावे ठेवतील, देव नाराज होईल. दुसऱ्या गटातली : हे मला पटले आहे, हे माझेच आहे, यात मला अर्थ सापडतो. बाहेरून दोघे सारखेच दिसतात, दोघेही चर्चला जातात, दोघेही प्रार्थना करतात. मनाच्या स्वास्थ्याचे चित्र मात्र वेगळे निघाले. धाकाने धर्म पाळण्याशी चिंता आणि खिन्नता यांचा संबंध अधिक दिसला, तर मनापासून स्वीकारलेल्या श्रद्धेचा संबंध मनाच्या बरेपणाशी दिसला. अशा अभ्यासातून कारण कोणते आणि परिणाम कोणता हे सिद्ध होत नाही. आधीच चिंतातुर असलेला माणूस धाकाकडे वळत असेल, हेही शक्य आहे. तरीही उपासनेच्या हजेरीपुस्तकावरून श्रद्धेची जात ओळखता येत नाही, एवढे यातून निश्चित होते.

वाहून आणलेले पाणी आणि वाहत आलेले पाणी

आता मूळ प्रक्रियेकडे येऊ. ती समजून घ्यायला बऱ्हाणपूरच्या कुंडी भंडारा या जुन्या भुयारी पाणीयोजनेचा आधार घेता येईल. अब्दुल रहीम खानखानाच्या काळात, १६१५ च्या सुमारास, तबकुतुल अर्ज या इराणी जलतज्ज्ञाने ही योजना आखली. सातपुड्याच्या उतारावरून मुरून तापीकडे जाणारे पाणी त्याने जमिनीखालीच अडवले, शंभराहून अधिक विहिरीसारख्या कुंड्या खणल्या आणि त्या भुयारी कालव्याने एकमेकींना जोडल्या. उतार असा साधला की पाणी आपल्याच ओढीने गावाकडे येते. उपसा नाही, यंत्र नाही. त्याआधी गावाला पाणी मिळत नव्हते असे नाही. तापी पायथ्याशीच वाहते आणि घाट उतरून घागरी भरून आणता येतात. पण घागरीचे पाणी आणणाऱ्याच्या खांद्यातल्या बळाइतकेच असते. खांदे थकले की घर कोरडे. शिवाय ज्याने खांद्यावरून आणले त्याला प्रत्येक थेंबाचा हिशेब राहतो आणि तो शेजाऱ्याला तांब्याभर देतानाही हात आखडतो. नीतीचे कर्तव्य हे घागरीच्या पाण्यासारखे आहे. कृपा हे डोंगरातून झिरपून आलेले पाणी आहे, असे ख्रिस्ती श्रद्धा म्हणते. कृपा म्हणजे माणसाने कमावले नसताना देवाने स्वतःहून केलेले प्रेम, क्षमा आणि स्वीकार.

ही कृपा माणसाला बदलते ती कशी, याचे टप्पे येशूच्या आयुष्यातल्या एका भेटीत दिसतात. यरीहो गावात जक्कय नावाचा जकातदारांचा मुख्य होता. लोकांना नाडून श्रीमंत झालेला, म्हणून गावाने दूर ठेवलेला. येशूला पाहण्यासाठी हा बुटका माणूस उंबराच्या झाडावर चढला. येशूने त्याला नावाने हाक मारली आणि आज तुझ्याच घरी उतरणार म्हणून सांगितले. आधी लुबाडलेले परत कर, मग येईन, अशी अट घातली नाही. लोक कुरकुरले. जक्कयने मात्र उभे राहून अर्धी मालमत्ता गरिबांना आणि ज्याला फसवले त्याला चौपट परत देण्याचे जाहीर केले. इथला क्रम महत्त्वाचा आहे. स्वीकार आधी आला, सुधारणा नंतर. नियमाच्या मार्गावर क्रम उलट असतो : आधी सुधार, मग स्वीकारू. त्या मार्गावर माणूस आपली चूक कबूल करायला भितो, कारण कबुली दिली तर दार बंद होईल. दार आधीच उघडले आहे हे कळले की कबुली देणे सोपे होते. कबुली दिली की स्वतःला सावरण्यात आणि सजवण्यात खर्च होणारे बळ मोकळे होते. ते मोकळे झालेले बळ कृतज्ञतेच्या वाटेने दुसऱ्याकडे वळते. स्वीकार, भयमुक्ती, कबुली, कृतज्ञता आणि शेवटी वागणूक, अशी ही साखळी आहे. वागणूक साखळीत आहेच, पण ती पहिली कडी नाही.

अठराव्या शतकातला इंग्रज धर्मोपदेशक जॉन वेस्ली याच्या आयुष्यात हीच साखळी दिसते. ऑक्सफर्डला त्याच्या मंडळाने उपास, नियमित प्रार्थना, तुरुंगातल्या कैद्यांच्या भेटी अशी कडक शिस्त पाळली होती. पुढे तो अमेरिकेतल्या जॉर्जियात धर्मप्रसारासाठी गेला आणि खचून परतला. २४ मे १७३८ रोजी लंडनच्या ऑल्डर्सगेट स्ट्रीटवरच्या एका सभेत, रोमकरांस पत्राला ल्यूथरने लिहिलेली प्रस्तावना कोणी वाचून दाखवत असताना, ख्रिस्ताने आपल्यालाही क्षमा केली आहे याची त्याला खात्री वाटली. पुढे तो आधीच्या आणि नंतरच्या अवस्थेत चाकराची श्रद्धा आणि मुलाची श्रद्धा असा फरक करत असे. पूर्वीच्या शिस्तीतले त्याने फारसे काही टाकले नाही. तीच प्रार्थना, तेच कैदी, तेच गरीब. बदलले ते त्यामागचे नाते.

पंडिता रमाबाईंची आठ वर्षे

मराठी वाचकाला वेस्लीपर्यंत जायचीही गरज नाही. पंडिता रमाबाई यांनी १९०७ मध्ये लिहिलेल्या आत्मनिवेदनात हा फरक ज्या प्रामाणिकपणे सांगितला आहे, त्याला तोड नाही. १८७० च्या दशकातल्या दुष्काळात थोड्याच महिन्यांत वडील, आई आणि थोरली बहीण गमावलेली, भावाबरोबर देशभर पायी हिंडलेली, संस्कृतच्या ज्ञानामुळे कोलकात्यात पंडिता म्हणून गौरवलेली ही स्त्री १८८३ मध्ये इंग्लंडला गेली. तिथे वाँटेजच्या ख्रिस्ती धर्मभगिनींनी चालवलेले फुलहॅम येथील घर तिने पाहिले. समाजाने टाकून दिलेल्या, पतित म्हणून हिणवलेल्या स्त्रियांना त्या भगिनी तिथे मायेने सांभाळत होत्या. अशा स्त्रियांना शिक्षा देणारा धर्म रमाबाईंना ठाऊक होता. अशांना पोटाशी धरणारा धर्म त्यांना नवा होता. त्यांनी कारण विचारले तेव्हा येशू आणि शोमरोनी स्त्री यांची योहानातली कथा त्यांना वाचून दाखवण्यात आली. २९ सप्टेंबर १८८३ रोजी रमाबाई आणि लहानगी मनोरमा यांचा बाप्तिस्मा झाला.

बाहेरून पाहणाऱ्याला वाटेल की परिवर्तन झाले. रमाबाईंनी स्वतः मात्र तसे मानले नाही. त्यानंतरची सुमारे आठ वर्षे त्यांनी प्रचंड काम केले. उच्चवर्णीय हिंदू स्त्रीच्या स्थितीवरचे त्यांचे इंग्रजी पुस्तक १८८७ मध्ये निघाले, अमेरिकेत पाठीराख्यांची संस्था उभी राहिली, ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत विधवांसाठी शारदा सदन सुरू झाले आणि पुढच्या वर्षी ते पुण्याला आले. कर्तव्यात कुठेही कसूर नव्हती. तरीही आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला पण ख्रिस्त मिळाला नाही, असे त्यांना जाणवत राहिले. बुद्धीला सिद्धान्त पटले होते. नेहेम्या गोरे यांच्यासारख्या विद्वानाच्या युक्तिवादांनी ते पक्के झाले होते. मनाला मात्र विसावा नव्हता. १८९१ च्या सुमारास विल्यम हॅस्लम या इंग्रज पाळकाचे आत्मकथन त्यांच्या वाचनात आले. पाळक म्हणून काम करत असतानाच ज्याला खऱ्या श्रद्धेचा अनुभव आला, अशा माणसाची ती हकिकत होती. आपले तारण आपल्या कामाने, विधीने किंवा विद्वत्तेने नाही, विनाअट स्वीकारल्याने आहे, हे तेव्हा आपल्या मनात उतरले, असे रमाबाई सांगतात. सुमारे आठ वर्षांच्या वयापासून शास्त्रे मुखोद्गत करत आलेल्या आणि प्रत्येक मत तपासून घेणाऱ्या पंडितेने हे लिहावे, याला वजन आहे.

पुढे काय झाले, हाच खरा पुरावा. १८९६-९७ मध्ये मध्य प्रांतात दुष्काळ पडला. आजचे बऱ्हाणपूर तेव्हा त्याच प्रांताच्या निमाड जिल्ह्यात होते. रमाबाई स्वतः मध्य प्रांतात गेल्या आणि त्यांनी उपाशी, पोरक्या, भलत्या हाती पडण्याच्या बेतात असलेल्या शेकडो मुली-स्त्रियांना केडगावला आणले. शारदा सदन मुख्यतः उच्चवर्णीय विधवांसाठी होते. केडगावला उभ्या राहिलेल्या मुक्ती सदनात जात, वय, आंधळेपण, आजारपण यांपैकी कशाचीच आडकाठी राहिली नाही. तिथे शेती होती, माग होते, छापखाना होता. त्यांनी हिब्रू आणि ग्रीक शिकून सामान्य बायकांना कळेल अशा साध्या मराठीत बायबलचे भाषांतर केले आणि अनेक वर्षांचे ते काम १९२२ मध्ये मृत्यूपूर्वी पुरे केले. ते १९२४ मध्ये छापून निघाले. एवढे करताना त्यांनी साडी सोडली नाही की मांसाहार धरला नाही. कपडे आणि ताट तसेच राहिले. बदलली ती दाराची रुंदी.

लक्ष्मीबाई टिळकांचा क्रम

रमाबाईंचा बाप्तिस्मा आधी झाला आणि अंतरंग नंतर बदलले. लक्ष्मीबाई टिळकांच्या बाबतीत क्रम उलट आहे. कवी नारायण वामन टिळक यांनी १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत बाप्तिस्मा घेतला तेव्हा लक्ष्मीबाईंवर आकाश कोसळले. काही वर्षे त्या वेगळ्या राहिल्या आणि परतल्यावरही त्यांचे सोवळे-ओवळे, वेगळे पाणी, वेगळी चूल चालूच होती. टिळकांनी ते बळाने मोडले नाही. लक्ष्मीबाईंचे ‘स्मृतिचित्रे’ हे आत्मकथन वाचणाऱ्याला आठवेल की, त्यांच्या मनात पहिला तडा गेला तो जातिभेदाला. ही उतरंड देवाने केली की माणसाने, या प्रश्नावर विचार करता करता ती माणसाचीच करणी आहे, असे त्यांना पटले. त्यानंतर कोणाच्याही हातचे खायला-प्यायला त्यांना अडचण उरली नाही. १९०० साली बाप्तिस्मा झाला तेव्हा त्याआधीच पुष्कळसे घडून गेले होते. पुढे त्याच घरात पोरकी, गरीब मुले आपल्या मुलांसारखी वाढली. विधी आधी की बदल आधी, यावर या दोन स्त्रियांची आयुष्ये वेगवेगळी उत्तरे देतात आणि म्हणूनच दोन्ही एकत्र वाचली पाहिजेत. बदलाला एकच ठरलेली वाट नाही. दोघींमध्ये समान आहे ते इतकेच की, कोणी ढकलले म्हणून कोणीही बदलली नाही.

टिळकांचे शेवटचे पर्व याच धाग्यातले आहे. १९१७ मध्ये त्यांनी मिशनचा पगार सोडला आणि साताऱ्याला ‘देवाचा दरबार’ सुरू केला. बाप्तिस्मा घेतलेला असो वा नसो, ख्रिस्ताच्या मागे चालू पाहणाऱ्या प्रत्येकासाठी त्याचे दार खुले होते. आपल्याला ख्रिस्तापर्यंत तुकोबाने आणले, असे ते मानत. संतांनी मराठी मनाला अंतरंगाच्या धर्माची ओढ आधीच लावली होती. ख्रिस्ती श्रद्धा त्या ओढीला जे उत्तर देते ते ख्रिस्ताच्या व्यक्तित्वात देते, एवढा तिचा वेगळेपणा आहे.

मग नियम कशाला?

पहिला आक्षेप लगेच समोर येतो. देव विनाअट स्वीकारतो म्हटल्यावर माणूस ढिला पडणार नाही का? हा आक्षेप पौलाच्या काळापासूनचा आहे आणि त्याने तो स्वतःच रोमकरांस पत्रात उपस्थित करून ठामपणे नाकारला आहे. याकोबाच्या पत्रानेही कृतीविना विश्वास मेलेला ठरवला आहे. विसाव्या शतकात डीट्रिख बोनहोफर या जर्मन पाळकाने १९३७ च्या आपल्या पुस्तकात माणसाला काहीही किंमत मोजायला न लावणाऱ्या स्वस्त कृपेवर कठोर टीका केली. त्याने स्वतः नाझी सत्तेला विरोध केला आणि १९४५ मध्ये फाशीची शिक्षा भोगली. ज्याला क्षमा मिळाली असे वाटते पण ज्याच्या वागण्यात तिळभर फरक नाही, त्याच्यापर्यंत कृपा पोहोचली नाही, फक्त तिचे नाव पोहोचले, असेच म्हणावे लागेल. कुंडी भंडाऱ्यात आजही एक अडचण आहे : पाण्यातल्या चुन्याचे थर भिंतींवर चढतात आणि वाट अरुंद होत जाते. साफसफाई पाणी निर्माण करत नाही, पण ती केली नाही तर पाणी पोहोचत नाही. प्रार्थना, वचनवाचन, उपास, दशांश, प्रभुभोजन यांचे काम हेच आहे. त्यांना उगम समजले की मोठ्या भावाचा हिशेब सुरू होतो; त्यांना निरर्थक समजून सोडले की वाट बुजते.

दुसरा आक्षेप असा की, खरा बदल म्हणजे शेवटी भावनेचा पूरच ना? जून १९०५ मध्ये केडगावला सुरू झालेल्या संजीवनात, म्हणजे श्रद्धेच्या नवजागराच्या लाटेत, मुली-बायका तासन्‌तास मोठमोठ्याने प्रार्थना करत, रडत, पापांची कबुली देत. अशा लाटांकडे सावधपणे पाहिलेच पाहिजे, कारण मोठ्या जमावात भावना संसर्गासारखी पसरते. पण भावना आहे म्हणून बदल खरा आणि भावना आहे म्हणून तो खोटा, हे दोन्ही निष्कर्ष घाईचे आहेत. गलतीकरांस पत्रात आत्म्याची फळे मोजली आहेत ती प्रीती, आनंद, शांती, सहनशीलता, ममता, चांगुलपणा, विश्वासूपणा, सौम्यता आणि इंद्रियदमन. यांतले एकही एका रात्रीत तपासता येत नाही. सहनशीलता आहे की नाही, हे कळायला वर्षे लागतात. फळाची परीक्षा हंगाम उलटल्यावरच होते.

तिसरा आक्षेप सर्वांत गंभीर आहे आणि तो टाळून चालणार नाही. आतून पेटलेला माणूस इतरांवर आपला धर्म लादणार नाही कशावरून? १८९३ मध्ये शारदा सदनातल्या मुली ख्रिस्ती प्रार्थनेत सामील होतात यावरून पुण्यात मोठे वादळ उठले आणि न्यायमूर्ती रानडे व डॉ. भांडारकर सल्लागार मंडळातून बाहेर पडले. रमाबाईंचे म्हणणे होते की, त्यांनी कोणावर सक्ती केली नाही, फक्त आपली प्रार्थना दार बंद करून केली नाही. टीकाकारांचे म्हणणे होते की, आश्रय देणाऱ्याच्या प्रभावाखालच्या निराधार मुलींच्या निवडीला पूर्ण मोकळी निवड म्हणता येणार नाही. दोन्ही बाजूंच्या म्हणण्यात तथ्य आहे. मात्र या लेखाच्या मूळ मुद्द्याला हा वाद छेद देत नाही, उलट बळकटी देतो. बदल बाहेरून लादता येत नाही हे एकदा मान्य केले की, आमिष, धाक किंवा उपकाराचे ओझे वापरून घडवलेला धर्मबदल ख्रिस्ती श्रद्धेच्या स्वतःच्याच कसोटीवर नापास ठरतो. घरातल्या मुलांना रागावून उपासनेला नेणाऱ्या ख्रिस्ती आईबापांनाही हीच कसोटी लागू पडते. हजेरी लावता येते. प्रीती लावता येत नाही.

चौकट : थोडक्यात

• कर्तव्य माणसाला चांगले वागायला लावते; ते आवश्यक आहे, पण अपुरे आहे.
• धाकाने आणि मनापासून पाळलेला धर्म बाहेरून सारखाच दिसतो. मनावरचा परिणाम वेगळा असतो.
• ख्रिस्ती श्रद्धेत क्रम असा : देवाचा स्वीकार आधी, माणसाची सुधारणा नंतर.
• प्रार्थना, उपास, दान ही उगमस्थाने नाहीत. कृपेची वाट मोकळी ठेवणारी साधने आहेत.
• बदलाची खूण भावनेत नाही. किंमत मोजून आणि दीर्घ काळ टिकलेल्या वागण्यात आहे.

बदल ओळखायचा कसा?

उरतो तो व्यवहाराचा प्रश्न. आपली श्रद्धा मोठ्या भावाच्या जागी अडकली आहे की पुढे सरकली आहे, हे कसे ओळखावे? जक्कय, रमाबाई आणि लक्ष्मीबाई यांच्याकडे पाहिले तर तीन खुणा दिसतात. पहिली खूण खिशाची : जक्कयने जे परत दिले त्याने तो खरोखर गरीब झाला असणार. ज्या श्रद्धेने आपल्या सोयीचे काहीच हलत नाही तिच्याबद्दल शंका घ्यावी. दुसरी खूण पंगतीची : आपण ज्यांना आधी दूर ठेवत होतो ते आता आपल्या घरी, आपल्या ताटाशी बसतात का? लक्ष्मीबाईंच्या बाबतीत सगळी उलथापालथ तिथेच झाली. तिसरी खूण चुकलेल्याशी वागण्याची : दुसऱ्याला क्षमा मिळाली की आपल्याला आनंद होतो की आपण अंगणात उभे राहून हिशेब मांडतो? या तिन्ही खुणांवर कोणीही पूर्ण उतरत नाही आणि पूर्ण उतरण्याची अट घातली तर पुन्हा नियमाचाच फास बसेल. पण दिशा मात्र त्यांवरून ओळखता येते.

म्हणून ज्यांना आपल्या धर्माचरणाचा शीण येऊ लागला आहे, सगळे करूनही आत काही हलत नाही असे ज्यांना वाटते, त्यांनी आणखी एक नियम वाढवू नये. शीण ही श्रद्धा संपल्याची खूण नाही; आतापर्यंत आपण स्वतःच्याच बळावर चालत होतो, याची ती प्रामाणिक कबुली असू शकते. रमाबाईंसारख्या विदुषीला आणि कार्यकर्तीला ती कबुली द्यायला बाप्तिस्म्यानंतर आठ वर्षे लागली आणि त्यांच्या आयुष्यातले सर्वांत मोठे काम त्या कबुलीनंतर उभे राहिले. मंडळ्यांनी, पाळकांनी आणि आईबापांनी एवढे केले तरी पुष्कळ होईल : कोण आले, कोणी किती दिले याची मोजदाद थोडी कमी करावी आणि चुकून परतलेल्या माणसाला आधी आत घ्यावे. सुधारणेची अपेक्षा जरूर ठेवावी, पण ती दाराबाहेर थांबवून करू नये.